बहकलेल्या तरुणांचे काळे सिनेमे: सहा शनिवारांसाठी कोणते आणि कोणत्या क्रमाने?

चौथी_रांग

महाविद्यालयाच्या फिल्म क्लबसाठी सलग सहा शनिवार मिळाले आहेत. विषय ठरला आहे: भरकटलेले, बेफिकीर, गुन्ह्यापर्यंत पोचलेले तरुण आणि त्यांच्यावरचे भारतीय सिनेमे. प्रेक्षक १८ ते २२ वयाचे, साठेक जण. सिनेमा दुपारी २ वाजता, नंतर तासभर चर्चा. जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

एक, कोणते सहा घ्यावेत? कच्च्या यादीत ‘पांच’, ‘शैतान’, ‘देव डी’, ‘गुलाल’, ‘उडान’ आणि ‘मुळशी पॅटर्न’ आहेत. दोन, ‘पांच’ दाखवता येईल का? तीन, असे सिनेमे पाहून पोरं फक्त ‘काय भारी सीन होता’ म्हणत बाहेर पडतात. तसं होऊ नये म्हणून चर्चा कशी बांधावी?

---

रीळ_क्रमांक_तीन

यादी एकाच पिढीची झाली आहे. पाच हिंदी सिनेमे, त्यांतले तीन एकाच दिग्दर्शकाचे आणि ‘शैतान’चा तो निर्माता. अनुराग कश्यपचा महोत्सव करायचा असेल तर ठीक, पण तुमचा विषय त्याहून मोठा आहे.

निवडीसाठी एक कसोटी सुचवतो. प्रत्येक सिनेमात विचारा: या पोरांना नेमकं काय हवंय, किती हवंय आणि कधीपर्यंत? १९७० च्या आसपासच्या सिनेमांत उत्तर असतं ‘नोकरी’. महिन्याच्या महिन्याला पगार, घरात मान. २००० नंतर उत्तर बदलतं आणि एक ठोक रक्कम येते, तीही दोन-चार दिवसांत द्यायची. नोकरी मिळेना म्हणून आलेला राग हळूहळू साचतो. रक्कम जमवण्याची मुदत मात्र माणसाला एका रात्रीत खुनापर्यंत नेते. या एका फरकामुळे सिनेमाचा वेग, संकलन, पार्श्वसंगीत सगळं बदललं. सहा शनिवारांत हा प्रवास दिसला पाहिजे.

माझा क्रम:

पहिला शनिवार, ‘प्रतिद्वंद्वी’ (१९७०), सत्यजित राय. सिद्धार्थ वडील गेल्यामुळे वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडतो आणि कलकत्त्यात नोकरीसाठी उंबरे झिजवतो. मुलाखतीत त्याला विचारतात, गेल्या दहा वर्षांतली सर्वांत महत्त्वाची घटना कोणती? तो चंद्रावरच्या पावलाऐवजी व्हिएतनामचं युद्ध सांगतो आणि नोकरी हातची जाते. खून नाही, बंदूक नाही, तरी सुरुवात इथूनच करा. पुढच्या पाचही सिनेमांतला राग कुठून येतो ते इथे समजतं. सुरुवातीचा मृत्यूचा प्रसंग निगेटिव्ह प्रतिमेत आहे, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. प्रोजेक्टर बिघडला असं पोरांना वाटतं, आधीच सांगून ठेवा.

दुसरा, ‘होली’, केतन मेहता, १९८० च्या दशकाचा मध्य. मूळ एकांकिका महेश एलकुंचवारांची. आमिर खान आणि आशुतोष गोवारीकर दोघेही अगदी कोवळे दिसतात. होळीची सुट्टी मिळत नाही एवढ्याशा कारणावरून वसतिगृह पेटतं आणि एका मुलाचा जीव जातो. तुमच्या प्रेक्षकांना हा सर्वांत जवळचा, कारण इथे गुंड कोणीच नाही, सगळे वर्गातलेच. मेहतांनी तो लांबच लांब शॉट्समध्ये घेतला आहे. कॅमेरा जमावासोबत फिरतो, कट येत नाही, त्यामुळे प्रेक्षकाला बाजूला होता येत नाही.

तिसरा, ‘सुब्रमण्यपुरम’ (२००८), एम. शशिकुमार. मदुराई, साल १९८०. दिवसभर टपोरीपणा करणारी बेकार मित्रमंडळी. भांडणात अडकली की स्थानिक पुढाऱ्याचं घर त्यांना सोडवतं, आणि त्याच उपकाराची फेड म्हणून एक खून करवून घेतं. या विषयावरचा हा सर्वांत नेमका भारतीय सिनेमा आहे असं माझं ठाम मत आहे. इथे देणं पैशाचं नाही, उपकाराचं आहे, आणि उपकार कधी फिटला हे देणारा ठरवतो. कश्यपच्या ‘गँग्स ऑफ वासेपूर’च्या सुरुवातीला बाला, अमीर आणि शशिकुमार या मदुराईच्या तीन दिग्दर्शकांचे आभार मानले आहेत. हिंदीतल्या पुढच्या गावठी हिंसेची मुळं कुठे आहेत ते त्यावरून कळेल.

चौथा, ‘शैतान’ (२०११), बिजॉय नांबियार. इथे पहिल्यांदा पोरं श्रीमंत आहेत. पाच जण, भरधाव गाडी, दोन जीव जातात. एक पोलीस तोंड बंद ठेवायला २५ लाख मागतो. बापाकडे मागायची हिंमत नाही, म्हणून त्यांच्यातल्याच एमीच्या अपहरणाचं नाटक. मुदत, रक्कम, खोटं, तिन्ही एकाच धाग्यात. अपघात हा त्यांचा पहिला गुन्हा. त्यांना संपवतो तो दुसरा, म्हणजे पहिला झाकण्यासाठी केलेला. चर्चेचा गाभा इथेच ठेवा.

पाचवा, ‘तितली’, कनू बहल. २०१४ मध्ये कान महोत्सवाच्या ‘अं सर्तें रगार’ विभागात होता. दिल्लीच्या कडेचं घर, गाड्या लुटणारे भाऊ, आणि बांधकाम चालू असलेल्या मॉलमधलं पार्किंग विकत घेऊन सुटू पाहणारा धाकटा. ‘शैतान’नंतर हा लावल्यावर चकाकी उतरते. तितलीच्या बापाची भूमिका दिग्दर्शकाचे खरे वडील ललित बहल यांनी केली आहे. घरातला पुरुष मुलाला हिंसा कशी शिकवतो, एक शब्दही न बोलता, ते त्यांच्या बसण्या-खाण्यातून दिसतं.

सहावा, ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८), प्रवीण तरडे. जमीन विकून आलेला पैसा संपतो, बाप मिळेल ती कामं करतो, आणि मुलगा त्याच जमिनींच्या व्यवहारात बंदूक घेऊन उभा राहतो. शेवट आपल्या मातीत करा. पुढे याचाच हिंदी अवतार ‘अंतिम’ (२०२१) महेश मांजरेकरांनी केला. दोन्हींतला बाप शेजारी ठेवून पाहा, मूळ सिनेमातली कोणती गोष्ट हिंदीत पातळ झाली ते लगेच लक्षात येतं.

‘उडान’ अप्रतिम आहे, पण त्यातला मुलगा सुटतो. या मालिकेत तो सुटकेचा सुस्कारा देईल आणि उरलेल्यांची धार जाईल. ‘देव डी’चा विषय व्यसन आणि प्रेम, त्यासाठी वेगळी मालिका हवी. ‘गुलाल’ऐवजी विद्यार्थी राजकारण घ्यायचंच असेल तर तिग्मांशू धुलियाचा ‘हासिल’ (२००३) घ्या. अलाहाबादच्या विद्यापीठातली टोळीबाजी त्यात जास्त स्वच्छ दिसते, आणि इरफानचा रणविजय एकाच वेळी मित्र आणि धोका असतो.

---

कलम_आणि_कॅमेरा

परवानगीचं आधी बघा, नाहीतर आदल्या दिवशी सगळं रद्द होतं.

कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थेला सवलत आहे. संस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून सिनेमा दाखवला आणि प्रेक्षक फक्त विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित लोक असतील, तर ते उल्लंघन ठरत नाही. गडबड होते ती ‘सर्वांचे स्वागत’ असं पोस्टर बाहेर लावल्यावर. बाहेरचे प्रेक्षक आले की सवलतीचा आधार जातो. तिकीट, देणगी, प्रायोजक, काहीच ठेवू नका. दारात ओळखपत्र बघा.

ही सवलत म्हणजे ओटीटीचं खातं वापरायची मुभा नव्हे. बहुतेक सेवांच्या अटींत वैयक्तिक, घरगुती वापर असं लिहिलेलं असतं. अधिकृत डीव्हीडी किंवा निर्माता-वितरकाची लेखी परवानगी हा सरळ रस्ता. ईमेलमध्ये तारीख, सभागृहाची आसनसंख्या, प्रवेश विनामूल्य आणि प्रेक्षक कोण, हे चार मुद्दे लिहिले की उत्तर लवकर येतं.

‘शैतान’ आणि ‘तितली’ दोन्ही ‘ए’ प्रमाणपत्राचे आहेत. १८ पूर्ण नसलेला एकही जण आत नको. पहिल्या वर्षाला १७ वर्षांची मुलं असतात, तेव्हा वर्ष बघू नका, जन्मतारीख बघा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’चे ७+, १३+ आणि १६+ असे भाग झाले, पण जुन्या सिनेमांवर जुनंच प्रमाणपत्र दिसेल. गोंधळू नका.

‘पांच’ विसरा. सेन्सॉर मंडळाने हिंसा, अमली पदार्थ आणि भाषेवर आक्षेप घेतले, त्यात निर्मितीच्या अडचणी आल्या, आणि सिनेमा वीस वर्षांहून अधिक काळ प्रदर्शनाविना अडकून राहिला. फिरत्या प्रती चोरीच्या आहेत. त्यांचा आवाज वाईट, चित्र वाईट, आणि महाविद्यालयाच्या नावावर तसलं काही चालवणं अजिबात योग्य नाही. त्याबद्दल बोला, दाखवू नका.

बोलताना एक काळजी घ्या. त्यामागची प्रेरणा म्हणून पुण्यातल्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडाचं नाव घेतलं जातं. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा खून, करणारे कलाशिक्षणाचे विद्यार्थी, पहिला बळी त्यांचाच सहाध्यायी. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी झाली. पण सिनेमातली कथा मुंबईतल्या रॉक बँडची आहे. प्रेरणा आणि प्रसंग यांची सरमिसळ करू नका. मराठीत याच प्रकरणावर राजदत्तांचा ‘माफीचा साक्षीदार’ (१९८६) आहे, त्यात नाना पाटेकर आहेत. बळींचे नातेवाईक आजही आपल्यात राहतात. भिंतीवर गुन्हेगारांची छायाचित्रं लावणं, ‘थरारक सत्यकथा’ असं लिहिणं टाळा.

---

पुंजका

रीळ_क्रमांक_तीन यांच्या यादीत एक मोठी फट आहे, १९८० चं दशक मुंबईकडून रिकामं राहिलंय. ‘होली’ आहे, पण ते वसतिगृह. गिरणी संपानंतरच्या मुंबईत नाक्यावर बसलेला पोरगा कुठे आहे? एन. चंद्रांचा ‘अंकुश’ (१९८६) घ्यायलाच हवा. चार बेकार तरुण, एका मुलीवरचा अत्याचार, न्यायालयात आरोपी सुटतात, मग हे चौघे त्यांना मारतात आणि स्वतः फासावर जातात. ‘इतनी शक्ति हमें देना दाता’ ही शाळाशाळांतून म्हटली जाणारी प्रार्थना याच सिनेमातली. विद्यार्थ्यांना हे सांगितलं की सभागृह शांत होतं, कारण ती त्यांनी वर्षानुवर्षं म्हटलेली असते.

त्याच्याबरोबर त्यातला दोषही दाखवा. मुलगी कथेत येते ती या चौघांना कारण पुरवायला. तिचं स्वतःचं म्हणणं फार थोडं आहे. या जातीच्या बऱ्याच सिनेमांची हीच खोट आहे. ‘सुब्रमण्यपुरम’मध्येही नायिका तुळसी हे कथेला वळण देणारं हत्यार आहे. ‘तितली’तली नीलू, म्हणजे धाकट्याची बायको, वेगळी ठरते ती इथेच. तिला स्वतःचं काहीतरी हवंय आणि ती त्यासाठी सौदा करते. तिचा हात मोडण्याचा प्रसंग फार अवघड आहे, पण हिंसेला ती संमती देते आहे की तिच्याकडे दुसरा रस्ताच नाही, या प्रश्नावर एक अख्खा तास जाऊ शकतो.

आणि ‘मुळशी पॅटर्न’ शेवटी ठेवण्याला माझा विरोध आहे. त्याची गाणी आणि संवाद इतके लोकप्रिय झाले की सभागृहात शिट्ट्या पडतात. शेवटचा शनिवार शिट्ट्यांवर संपायला नको. तो चौथा ठेवा, ‘शैतान’ पाचवा, ‘तितली’ सहावा. ‘अंकुश’ तिसरा घ्या आणि ‘सुब्रमण्यपुरम’ दुसऱ्या सत्रासाठी राखा.

---

रीळ_क्रमांक_तीन

‘अंकुश’बद्दल पटलं. तो नसणं ही माझी चूक. पण ‘सुब्रमण्यपुरम’ काढू नका, त्याऐवजी ‘प्रतिद्वंद्वी’चा शनिवार मोकळा करा आणि त्यातला मुलाखतीचा प्रसंग व सुरुवात एवढंच, मिळून पंधरा मिनिटं, ‘अंकुश’च्या आधी दाखवा. पूर्ण सिनेमा ज्यांना हवा ते स्वतः पाहतील. ‘मुळशी पॅटर्न’ शेवटी नको, हेही मान्य.

अंतिम क्रम मग असा: ‘होली’, ‘अंकुश’ (आधी ‘प्रतिद्वंद्वी’चे तुकडे), ‘सुब्रमण्यपुरम’, ‘मुळशी पॅटर्न’, ‘शैतान’, ‘तितली’. मल्याळममधला एखादा असावा असं वाटलं तर लिजो जोस पेल्लिसेरींचा ‘अंगमाली डायरीज’ (२०१७) राखीव ठेवा. ८६ नवे चेहरे, शेवटचा अकरा मिनिटांचा अखंड शॉट, आणि डुकराच्या मांसाच्या धंद्यावरून सुरू झालेली वैरं. खून झाल्यावर ‘किती पैसे दिले की प्रकरण मिटेल’ हा हिशेब त्यात उघडपणे मांडला आहे.

---

काळी_पट्टी

निवडीत पडत नाही, पडद्यावरचं सांगतो. हे सिनेमे रात्रीचे आहेत. दुपारी २ वाजता खिडक्यांवर नुसते पडदे ओढले तर काळ्याचा करडा होतो आणि अर्धा प्रसंग दिसतच नाही. काचांवर आतून काळा कागद लावा, दाराच्या फटीखाली कापड टाका.

प्रोजेक्टर ‘डायनॅमिक’वर असेल तर ‘सिनेमा’वर आणा. पहिल्याने चित्र झगझगीत दिसतं, पण त्वचा हिरवट होते आणि अंधारातला तपशील जळतो. मोठ्या टीव्हीवर दाखवणार असाल तर हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, नाहीतर ‘होली’तला हातातला कॅमेरा मालिकेसारखा दिसेल.

पडद्याची खालची कड जमिनीपासून किमान चार फूट वर हवी. तमिळ आणि मल्याळम सिनेमांची उपशीर्षकं खालच्या ओळीत असतात आणि पुढच्यांच्या डोक्याआड जातात. तिसऱ्या रांगेनंतरच्या लोकांचा सिनेमा तिथेच संपतो.

प्रत तपासा. टीव्हीवर ‘ए’ सिनेमा तसाच दाखवता येत नाही, त्यामुळे काटछाट करून नवं प्रमाणपत्र घेतलेली आवृत्ती असते, आणि इंटरनेटवर बऱ्याचदा तीच फिरते. लांबी मोजा. मात्र पॅल या टीव्ही पद्धतीच्या जुन्या डीव्हीडीवर सेकंदाला २४ ऐवजी २५ चित्रं धावतात, म्हणून १२० मिनिटांचा सिनेमा ११५ मिनिटांतच संपतो. पाच मिनिटं कमी म्हणजे कापलंच असं नाही. पंधरा-वीस कमी असतील तर प्रत बदला.

आवाज संवादावर लावा, गोळीबारावर नव्हे. कुजबुजीचा एखादा प्रसंग लावून शेवटच्या रांगेत बसा. तिथे शब्द कळले की हात लावू नका.

---

चौथी_रांग

सगळ्यांचे मनापासून आभार. क्रम पक्का केला. ‘पांच’ वगळला. आता तिसरा प्रश्न राहिला: ‘शैतान’मधलं ‘खोया खोया चाँद’ लागलं की सगळे मोबाइल काढून चित्रित करतील. त्या प्रसंगावर बोलायचं कसं? आणि ‘होली’सारख्या सिनेमात आत्महत्या आहे, त्याची आगाऊ सूचना द्यावी का?

---

पुंजका

सूचना द्यायचीच. पोस्टरवर एक ओळ आणि सुरू होण्याआधी एक वाक्य: ‘होली’त रॅगिंगसारखा छळ आणि आत्महत्या, ‘अंकुश’मध्ये लैंगिक अत्याचार, ‘शैतान’मध्ये अमली पदार्थ, ‘तितली’त घरगुती हिंसा. यात कथा फुटत नाही. ज्याला उठून जायचंय त्याला दाराजवळची रांग मोकळी ठेवा आणि का उठलास म्हणून विचारू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक शेवटच्या पाटीवर लावा, तो चोवीस तास चालतो. समुपदेशक असतील तर ‘होली’च्या दिवशी त्यांना सभागृहात बसवा, नुसतं नाव जाहीर करून भागत नाही.

गाण्याबद्दल. मूळ गाणं ‘काला बाजार’मधलं (१९६०), देव आनंदवर चित्रित, रफींच्या आवाजातलं, निव्वळ आनंदाचं. इथे ते सुमन श्रीधरच्या आवाजात येतं आणि पडद्यावर मंद गतीत गोळीबार चालू असतो. हा तुकडा चर्चेत पुन्हा लावा, पण दोनदा. एकदा जसा आहे तसा, एकदा आवाज पूर्ण बंद करून. दुसऱ्या वेळी कोणीही काहीही न बोलता कळतं की भारी वाटत होतं ते गाणं होतं. आवाज गेला की उरतात ती घाबरलेली, धडपडणारी माणसं. मग लगेच ‘तितली’तला गाडी लुटण्याचा प्रसंग लावा. तिथे संगीत नाही, मंद गती नाही, मारणारे दमतात, मार खाणारा लवकर मरत नाही. दोन्ही मिळून वीस मिनिटं पुरतात.

चर्चेची सुरुवात ‘कसा वाटला?’ने करू नका. त्या प्रश्नाला एकच उत्तर येतं. आधी दहा मिनिटं सुट्टी द्या, दिवे अर्धे ठेवा. प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या, त्यावर चार रकाने: किती रक्कम किंवा कोणाचा उपकार, कोणाला द्यायचा, मुदत काय, आणि पहिलं खोटं कोण बोललं. सिनेमा चालू असताना भरायची नाही, नंतर आठवून भरायची. चौथ्या रकान्यात साठ जणांची दहा-बारा वेगवेगळी नावं येतात आणि वाद आपोआप सुरू होतो. ‘शैतान’मध्ये कोणी पोलिसाचं नाव लिहील, कोणी पाच जणांतल्या डॅशचं, कोणी एमीच्या बापाचं. तीन वेगळी नावं लिहिणाऱ्यांना पुढे बोलवा आणि प्रसंग सांगून बाजू मांडायला लावा.

---

रीळ_क्रमांक_तीन

पुंजका यांच्या चिठ्ठीत पाचवा रकाना जोडा: ‘मागे फिरता आलं असतं ती शेवटची जागा’. मिनिट आठवत नसेल तर प्रसंग लिहू दे. चिठ्ठ्या फेकू नका, सहाही शनिवारच्या जपून ठेवा. ‘तितली’च्या चर्चेत ‘होली’च्या चिठ्ठ्या बाहेर काढून वाचा. पहिल्या आठवड्यात ज्यांनी ‘मागे फिरायला जागाच नव्हती’ असं लिहिलं, त्यांना तेव्हा पुन्हा तोच प्रश्न विचारा.

एक मात्र करा: ‘तितली’ संपल्यावर नावं पूर्ण वर जाईपर्यंत दिवे लावू नका. दिव्यांच्या बटणाजवळ त्या दिवशी ओळखीचा माणूस उभा ठेवा.